‘रो १५-४५१३’ का थांबलं, आणि ते थांबणं योग्य होतं का?

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये व्हे प्रोटीनपासून एक जेल तयार केलं. ते उंदरांना पाजलं, की पोटात गेलेल्या दारूचा काही भाग रक्तात मिसळण्याआधीच विघटित होतो, असं त्यांना आढळलं. अशी बातमी आली, की तिच्या मागोमाग एक जुनी गोष्ट हमखास वर येते. ‘नशा उतरवणारं खरं औषध १९८६ सालीच सापडलं होतं, कंपनीनं ते दाबून टाकलं.’ त्यावर दुसऱ्या बाजूचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘दाबलं ते बरंच झालं. अशी गोळी बाजारात आली असती तर लोक आणखी प्याले असते.’ एकाला कंपनीचा लोभ दिसतो, दुसऱ्याला माणसाचा मोह. ज्या रेणूवरून हे भांडण चाललं आहे, तो मेंदूत जाऊन नेमकं काय करतो, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही. माझं मत असं आहे, की ‘रो १५-४५१३’ नावाचं ते संयुग नशेवरचा उतारा म्हणून बाजारात आलं नाही, हे योग्यच झालं. पण ‘लोक आणखी पितील’ हे त्याचं कारण असू शकत नाही. ते कारण आपण मान्य केलं, तर व्यसनावरच्या पुढच्या प्रत्येक औषधाचा निकाल आपण आधीच लावून ठेवू, आणि तो चुकीचा असेल.

आधी ते संयुग काय आहे ते पाहू. नावातलं ‘रो’ म्हणजे रोश, बाझलची औषध कंपनी. लिब्रियम आणि व्हॅलियम ही चिंता कमी करणारी, झोप आणणारी औषधं याच कंपनीची. १९६० आणि १९६३ साली ती बाजारात आली आणि जगभरातल्या घराघरांत पोचली. या गोळ्या मेंदूत नेमक्या कुठे चिकटतात हे १९७७ साली कळलं. गॅबा हा मेंदूतला मुख्य शामक संदेशवाहक. चेतापेशीवर त्याचा जो रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारा रेणू, असतो, तो पाच तुकड्यांनी बनलेला असतो आणि त्याच्या मधोमध क्लोराइडला आत सोडणारी वाट असते. पाण्याच्या पाटावर दार असावं तशी ती उघडते आणि मिटते. गॅबा दार उघडतो, क्लोराइड आत शिरतं आणि पेशी शांत होते. व्हॅलियम हे दार स्वतः उघडत नाही. गॅबा आला की ते जास्त वेळा उघडेल, एवढीच व्यवस्था करतं. दारूही, निदान काही अंशी, याच दारावर काम करते. रोशकडे व्हॅलियमला त्याच्या जागेवरून हुसकावणारं फ्लुमाझेनिल नावाचं संयुग होतं. त्यातला फ्लोरिनचा अणू काढून तिथे अझाइड, म्हणजे ओळीनं जोडलेले नायट्रोजनचे तीन अणू, बसवले, की ‘रो १५-४५१३’ तयार होतं. अझाइडवर अतिनील प्रकाश टाकला, की रेणू जिथे बसला असेल तिथे कायमचा चिकटतो. त्यामुळे रिसेप्टरवर खूण करायला हे संयुग फार सोयीचं होतं. सांगाड्यातला हा फरक एवढासा आहे. वागण्यात मात्र तो प्रचंड ठरला. फ्लुमाझेनिल दारूच्या नशेला हातही लावत नाही. ‘रो १५-४५१३’ लावतं.

डिसेंबर १९८६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पीटर सझडॅक, स्टीव्हन पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला. हे दोघे अमेरिकेतल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेतले. त्या वेळी गाजलेलं चित्र दोन उंदरांचं होतं. दोघांनाही दारू दिलेली. एक बेशुद्धासारखा लवंडलेला, दुसरा चार पायांवर उभा. त्याला ‘रो १५-४५१३’ दिलेलं होतं. त्याच वर्षी याच गटानं उंदराच्या मेंदूतल्या पेशींचे बारीक तुकडे काचनळीत घेऊन किरणोत्सारी क्लोराइड मोजलं होतं. दारू घातली, की गॅबाच्या रिसेप्टरमधून क्लोराइड आत जाण्याचं प्रमाण वाढत होतं. हे संयुग घातलं, की ती वाढ थांबत होती. सोबत फ्लुमाझेनिल दिलं, की संयुगाचा परिणाम पुसला जात होता. म्हणजे जे काही घडत होतं, ते व्हॅलियमच्याच जागेवर. आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, जी या चित्राच्या चर्चेत नेहमी गळून पडते: उभ्या राहिलेल्या उंदराच्या रक्तातली दारू कमी झालेली नव्हती. ती होती तेवढीच होती.

कंपनीवर संशय घेणाऱ्यांचा सगळ्यांत जोरकस मुद्दा मी मान्य करतो. औषध कंपन्या संयुगं टाकून देतात ती केवळ रुग्णाच्या हितासाठी नव्हे. बाजार, पेटंट, कोर्टकचेरी, नाव खराब होण्याची भीती, सगळं त्या हिशेबात असतं. ‘मी गोळी घेऊन गाडी चालवली आणि अपघात झाला’ असा दावा उद्या कुणी लावला तर काय, हा विचार कुठल्याही कंपनीच्या मनात येणारच. अंतर्गत कागद लोकांपुढे येत नसतील, तर लोकांनी विश्वास का ठेवावा? हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारत राहिलं पाहिजे. पण एखादा निर्णय स्वार्थी माणसानं घेतला म्हणून तो चूक ठरत नाही. आणि ‘दाबून टाकलं’ हा आरोप तर तपासून पाहता येतो. ज्या संयुगावर १९८६ नंतर युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी प्रयोगशाळांनी काम केलं, जे संशोधकांना मिळत राहिलं, ज्यावर आजही निबंध निघतात, ते दडपलं गेलं असं कसं म्हणायचं? ते औषध झालं नाही, एवढंच खरं आहे.

का झालं नाही, याचं उत्तर त्याच्या गुणधर्मातच आहे. फ्लुमाझेनिल रिसेप्टरवर नुसतं जागा अडवून बसतं. ‘रो १५-४५१३’ तसं स्वस्थ बसत नाही; ते व्हॅलियमच्या उलट काम करतं, म्हणजे गॅबा असतानाही दार कमी उघडू देतं. औषधशास्त्रात अशा संयुगांना इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट म्हणतात. ही जात माणसात काय करते, हे १९८३ साली एका वेगळ्या संयुगामुळे कळलं होतं. एफजी ७१४२ नावाचं इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट निरोगी स्वयंसेवकांना दिलं, तेव्हा त्यांच्यात भयानक चिंता उसळली. ‘रो १५-४५१३’ त्याच्याइतकं तीव्र नसलं, तरी प्राण्यांमध्ये त्यानंही चिंता वाढताना आणि झटके येण्याचा उंबरठा खाली येताना दिसला. मग १९८७ पासूनच एक बोचरा प्रश्न पुढे आला, आणि तो विचारणाऱ्यांत ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ डेव्हिड नट हे होते: हा खरोखर दारूचा उतारा आहे, की दारू मेंदूला जितकं खाली दाबते तितकंच हे दुसऱ्या बाजूनं त्याला वर खेचतं, आणि बेरीज शून्य दिसते म्हणून आपण फसतो आहोत? ही दोन उत्तरं एकसारखी नाहीत. पहिल्यात दारूचा परिणाम जातो. दुसऱ्यात दोन्ही परिणाम मेंदूत एकाच वेळी असतात, आणि ज्या घटकेला एक ओसरतो त्या घटकेला दुसरा उघडा पडतो. या संयुगाचा असर तर थोडाच वेळ टिकत होता. उभा राहिलेला उंदीर काही वेळानं पुन्हा नशेत जात होता.

इथे नॅलोक्सोनचं उदाहरण हमखास दिलं जातं. अफू आणि हेरॉइनच्या वर्गातलं औषध जास्त झालं, श्वास मंदावला, माणूस निळा पडला, की नॅलोक्सोन त्याला काही मिनिटांत परत आणतं. ‘मग दारूसाठी असंच का नको?’ माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तरही तितक्याच सरळपणे दिलं गेलं पाहिजे. अफूचा माणूस ज्या रिसेप्टरमुळे धुंद होतो, त्याच रिसेप्टरमुळे त्याचा श्वास थांबतो. नॅलोक्सोन अफूला त्या रिसेप्टरवरून हुसकावून स्वतः तिथे बसतं, म्हणून नशा आणि मरण दोन्ही एकदम उलटतात. दारू एका रिसेप्टरची बांधील नाही. ती गॅबाबरोबरच ग्लुटामेटच्या एनएमडीए रिसेप्टरवर, ग्लायसिनच्या रिसेप्टरवर, आणखी कितीतरी ठिकाणी हात घालते. उंदरांना जीवघेण्या मात्रेत दारू देऊन ‘रो १५-४५१३’ने ते वाचतात का, हे १९८८ साली पाहिलं गेलं. ते वाचले नाहीत. जे औषध झिंग उतरवतं पण मरण टाळत नाही, त्याला उतारा म्हणायचं कसं? झिंग ही निदान एक सूचना असते. पाय लटपटतात, जीभ जड होते, माणूस आडवा होतो आणि म्हणून पिणं थांबतं. ती सूचना पुसायची आणि विष तेवढंच ठेवायचं, असा हा सौदा होता. यकृताला, स्वादुपिंडाला, आतड्याला या रेणूचा काहीच उपयोग नव्हता. दारूला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं. तो धोकाही जसाच्या तसा उरत होता.

शिवाय अशी गोळी सर्वांत आधी कुणाच्या हातात गेली असती? रोज पिणाऱ्याच्या. आणि त्याच्याच मेंदूत ती सर्वांत घातक ठरली असती. वर्षानुवर्षं दारूनं गॅबाचं काम वाढवून ठेवलं, की मेंदू स्वतःला त्याप्रमाणे बदलून घेतो. गॅबाच्या रिसेप्टरची घडण बदलते, त्यांची दाद कमी होते, उत्तेजना देणारी यंत्रणा वाढते. दारू अचानक थांबली, की हा समतोल एका रात्रीत कोसळतो. हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, फिट येते, उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दारूची दुकानं एकाएकी बंद झाली, तेव्हा केरळात हे उघड्यावर आलं. आत्महत्यांच्या बातम्या आल्या, सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला, आणि २ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध बरोबर होता, कारण या अवस्थेवर दारू हे औषध नाही. औषध आहे ते लिब्रियम किंवा लोराझेपाम, म्हणजे गॅबाला आधार देणाऱ्या गोळ्या. आपल्याकडच्या व्यसनमुक्ती केंद्रांत पहिले काही दिवस याच गोळ्या हळूहळू उतरत्या मात्रेत दिल्या जातात. अशा मेंदूला आधार देण्याऐवजी उलट दिशेनं ढकलणारी गोळी पानाच्या टपरीवर मिळाली असती तर काय झालं असतं? फ्लुमाझेनिल तर त्याहून सौम्य. तरीही झोपेच्या गोळ्यांची जुनी सवय असलेल्या रुग्णाला ते दिलं तर फिट येऊ शकते, म्हणून आकस्मिक विभागातला डॉक्टरही ते हातात घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो.

आता दुसरी बाजू: ‘लोक आणखी पितील.’ हा मुद्दा पोकळ नाही. धोका कमी वाटला की माणूस बेफिकीर होतो, हे आपण रोज रस्त्यावर पाहतो. गोळी घेऊन स्टिअरिंगवर बसणाऱ्याचं उदाहरण तर अगदी खरं ठरलं असतं, कारण त्याला स्वतः शुद्धीत असल्याची खात्री वाटली असती. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम दारू अशी आहे. पोलिसाचं यंत्र श्वासातून रक्तातली दारू मोजतं, मेंदू किती ताळ्यावर आहे ते मोजत नाही. गोळी घेतलेला चालक कायद्यानं गुन्हेगारच राहिला असता, आणि गोळीचा असर घाटाच्या मध्यावर संपला असता तर त्याला कळलंही नसतं. इथवर मला सगळं मान्य आहे.

पण नीट पाहा, हा आक्षेप कशावर आहे? या विशिष्ट रेणूच्या थोड्या वेळाच्या, अर्धवट असरावर. तो रेणूपुरता ठेवला तर योग्य आहे. लोक मात्र तो तत्त्व म्हणून मांडतात: दारूचा त्रास कमी करणारं काहीही असू नये, कारण त्रास हाच आवर आहे. हे तत्त्व मला मान्य नाही, आणि इतिहासानंही ते पुन्हा पुन्हा खोडून काढलं आहे. एडिंबरोत जेम्स सिम्पसन यांनी १८४७ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा प्रसूतीच्या वेदना ईश्वरानंच नेमलेल्या आहेत, त्या कमी करणं पाप आहे, असा धर्माधारित आक्षेप घेतला गेला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियानं क्लोरोफॉर्म घेतला आणि तो आवाज हळूहळू मावळला. नॅलोक्सोनबद्दल हेच म्हटलं गेलं, की जीव वाचेल ही खात्री मिळाली तर नशेबाज बिनधास्त होतील. अमेरिकेनं २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली, कारण मेलेल्या माणसाला सुधारण्याची संधीच मिळत नाही. बेफिकिरीची भीती खरी असेल तर तिचं माप काढा, आणि वाचणाऱ्या जिवांच्या मापाशेजारी ठेवा. माप न काढता केवळ भीतीवर निर्णय का घ्यायचा?

आणि ही भीती निवडक आहे, याचा मला जास्त राग येतो. दारूवरचं सर्वांत जुनं औषध डायसल्फिराम. कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी त्याचा हा गुण १९४८ मध्ये जाहीर केला. ते घेतलेल्या माणसानं दारू घेतली, की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा तापतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णानं समजून उमजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतलं तर ते उपयोगी आहे, कित्येकांना त्यानं उभं केलं आहे. पण आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर काय लिहिलेलं असतं? ‘दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता.’ त्या पुड्यांत काय असतं कुणालाच ठाऊक नसतं, आणि दुसरीकडे डायसल्फिरामची गोळी कुटून नवऱ्याच्या चहात किंवा भाजीत मिसळणाऱ्या बायका आहेत. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. घरात रोज मार खाणाऱ्या बाईला दुसरा कुठला रस्ता आपण ठेवला आहे? तरीही हृदयविकार असलेल्या माणसाला नकळत दिलेली ती गोळी जीव घेऊ शकते. शिक्षा देणारं औषध लपवून पाजलं तरी समाज डोळेझाक करतो, आणि त्रास कमी करणारं औषध निघण्याआधीच ‘लोक बिघडतील’ म्हणून कपाळाला आठ्या घालतो. औषधाचं मूल्यमापन त्याच्या परिणामावरून व्हायला हवं. आपण ते पिणाऱ्यावरच्या रागावरून करतो आहोत.

‘रो १५-४५१३’चा पुढचा प्रवास पाहिला, की वाद किती अपुऱ्या माहितीवर चालतो ते कळतं. १९९० साली हार्टमुट ल्युडेन्स, पीटर झेबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या संयुगाला बांधणारा पण व्हॅलियमला दाद न देणारा एक रिसेप्टर लहान मेंदूत आहे, आणि त्याच्या पाच तुकड्यांत अल्फा-६ नावाचा घटक आहे. म्हणजे गॅबाचा रिसेप्टर एक नाही; वेगवेगळ्या घटकांचं ते मोठं कुटुंब आहे, आणि मेंदूच्या प्रत्येक भागात त्याची वेगळी जुळणी. २००३ साली रिचर्ड ओल्सेन यांच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेनं सांगितलं, की डेल्टा घटक असलेले रिसेप्टर ३ मिलिमोलर इतक्या अल्प दारूलाही दाद देतात. हिशेब केला तर हे १०० मिलिलिटरमागे साधारण १४ मिलिग्रॅम होतं, आपल्या कायदेशीर मर्यादेच्या निम्म्याहून कमी. २००६ मध्ये त्यांनी या परिणामाला ‘रो १५-४५१३’ अडवतं असंही मांडलं. दुसऱ्या नावाजलेल्या प्रयोगशाळांना तसं आढळलं नाही, आणि हा वाद खुल्या निबंधांतून, आकडे समोर ठेवून झाला. वाद असा घालतात. दरम्यान त्याच संयुगाला किरणोत्सारी कार्बन जोडून पेट स्कॅनमध्ये, म्हणजे जिवंत मेंदूचं चित्र घेणाऱ्या तपासणीत, वापरायला सुरुवात झाली, कारण ते अल्फा-५ घटकाला चांगलं पकडतं. लंडनमध्ये २०१२ साली दारूचं व्यसन सोडलेल्या माणसांच्या मेंदूत या रिसेप्टरचं प्रमाण कमी दिसलं. ज्याला लोक ‘दाबलेली गोळी’ म्हणतात, त्यानं व्यसनाची जागा जिवंत माणसात पाहायला मदत केली.

याच धाग्याचं टोक पकडून २००७ मध्ये नट आणि सहकाऱ्यांनी केवळ अल्फा-५वर काम करणारं एक इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट निरोगी स्वयंसेवकांना दारूआधी दिलं. दारूमुळे पाठ केलेले शब्द विसरण्याचं प्रमाण त्यानं कमी झालं. सगळी नशा उतरवण्याचा दावा नाही, एकच परिणाम, एकच घटक, माणसात मोजलेला. ते संयुगही औषध झालं नाही. मोठ्या मात्रेत प्राण्यांच्या मूत्रपिंडाला त्याच्या अवशेषानं इजा होत होती. त्याबद्दल कुणी कटाची गोष्ट सांगत नाही, कारण त्याचं दोन उंदरांचं चित्र नाही.

म्हणून पुढची बातमी येईल तेव्हा माझी मागणी साधी आहे. रक्तातली दारू कमी होते, की फक्त झिंग? जीवघेण्या मात्रेत वाचवतं का? रोज पिणाऱ्याला फिट आणतं का? असर दारूच्या आधी संपतो का? पत्रकारांनी हे विचारावं, आणि उत्तर नसेल तर तसं लिहावं. कंपन्यांना नफा दिसत नाही म्हणून जे रेणू कपाटात पडून आहेत, त्यांच्यावर काम करणं हे सरकारी पैशाचं काम आहे; १९८६ चा तो निबंधही सरकारी प्रयोगशाळेतूनच आला होता. बॅक्लोफेन या जुन्या, स्वस्त गोळीचं उदाहरण समोर आहे. ऑलिव्हिए अमेझेन या डॉक्टरनं दारूच्या व्यसनावर ती स्वतः घेऊन पाहिलेला प्रयोग २००४ च्या अखेरीस जाहीर केला, रुग्णांनी आग्रह धरला, चाचण्या झाल्या, निकाल संमिश्र आले, आणि फ्रान्सनं २०१८ मध्ये रोजच्या मात्रेवर ८० मिलिग्रॅमची मर्यादा घालून तिला परवानगी दिली. त्या चौदा वर्षांत कडाक्याची भांडणं झाली. पण भांडण मात्रेवर, चाचण्यांवर आणि मृत्यूंच्या आकड्यांवर झालं, आणि म्हणूनच त्यातून रुग्णाच्या हातात निदान एक गोळी पडली, कुठवर घ्यायची ते लिहिलेली.